साडेतीन सूत

नेमबाजीचा विषय निघाला की आपल्याकडे सर्वांत आधी अर्जुन पुढे येतो. त्याला झाड दिसत नव्हतं, फांदी दिसत नव्हती, दिसत होता तो फक्त पक्ष्याचा डोळा. मी पिस्तूल चालवायला शिकते आहे हे कळल्यापासून मैत्रिणींनी, शेजारच्या काकांनी आणि एकदा तर स्टाफरूमच्या दारात भेटलेल्या सरांनीही मला ही गोष्ट ऐकवली. मी ऐकून घेते. पण खरं सांगायचं तर पिस्तुलाच्या खेळात अर्जुनाचा नियम चालत नाही. इथे नजर ठेवायची ती पुढच्या साईटवर, म्हणजे नळीच्या टोकाशी उभ्या असलेल्या त्या चौकोनी काळ्या पात्यावर. ते पातं स्वच्छ दिसलं पाहिजे. समोरचं लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं, नव्हे, धूसरच दिसायला हवं. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत धनुष्याऐवजी पिस्तूल असतं, तर "गुरुजी, पक्षी नीट दिसत नाही" म्हणणारा पहिला आला असता!

त्या गोष्टीत मला आणखी एक उणीव वाटते. गुरुजींनी प्रत्येकाला काय दिसतं ते विचारलं, पण ते झाड किती लांब आहे हे एकाही शिष्याने विचारलं नाही. आम्हा पिस्तूलवाल्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

बंदुकीत नेम 'असतो' अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही बंदूक बरोबर मारते, ती वाकडी मारते, असं आपण बोलतो. वस्तुस्थिती जरा निराळी आहे. नळी खाली असते, साईट तिच्यावर. छर्रा बाहेर पडतो तेव्हा तो आपल्या नजरेच्या रेषेखाली असतो, आणि त्याच क्षणापासून पृथ्वी त्याला खाली ओढू लागते. म्हणून नजरेच्या रेषेच्या मानाने नळीचं तोंड अगदी किंचित वर ठेवलेलं असतं. छर्रा खालून चढत येतो, नजरेची रेषा ओलांडतो, जरा वर जातो आणि उतरताना तीच रेषा पुन्हा ओलांडतो. म्हणजे नजर आणि छर्रा यांची भेट फार तर दोनदा. बाकी सगळ्या अंतरांवर दोघांत कमीजास्त फरक राहणारच. ही भेट कुठे घडवायची ते माणसाने साईटचे स्क्रू फिरवून ठरवायचं. याला आमच्या क्लबात 'झिरो करणे' म्हणतात. तेव्हा बंदूक बरोबर मारते का, या प्रश्नाला "किती अंतरावर?" एवढंच उत्तर देता येतं.

याचा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांनी घेतलेला असेल, फक्त त्याचं कारण शोधलं नसेल. मोठ्या ताजबागला उर्स भरतो. ज्या बाबांना रघूजीराव भोसल्यांनी आमच्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवलं होतं, त्या ताजुद्दीनबाबांचा हा उर्स; आमच्या वस्तीतून सगळेच जातात. तिथे फुगे फोडण्याच्या स्टॉलवर दहा पावलांच्याही आतून मारताना छर्रा फुग्याखाली का लागतो? स्टॉलवाला बेरकी असतो, साईट वाकवून ठेवतो, हे मी नाकारत नाही. पण सगळं पाप त्याचं नाही. इतक्या जवळ छर्रा अजून नजरेच्या रेषेपर्यंत चढलेलाच नसतो! फुग्याच्या मध्यावर न धरता वरच्या कडेवर धरावं, पैसे वसूल होतात. (हा सल्ला मोफत आहे.)

आता स्पर्धेकडे येते. मी खेळते तो प्रकार १० मीटर एअर पिस्तूल. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त दीड किलो, चापाचा ताण निदान ५०० ग्रॅम, आणि धरायचं एकाच हातात. लक्ष्यावरचं काळं वर्तुळ ५९.५ मिलिमीटर व्यासाचं, आणि त्याच्या मधोमध दहा गुणांची टिकली ११.५ मिलिमीटरची. फैरी साठ, वेळ सव्वा तास, त्याआधी तयारीची आणि चाचणीच्या छर्ऱ्यांची पंधरा मिनिटं.

हे आकडे मी घरी सांगितले तेव्हा बाबांना मिलिमीटर पटेनात. बाबा गवंडी आहेत. त्यांच्या मापात इंच असतो आणि इंचाचे आठ सूत असतात. त्यांनी खिशातला टेप काढला, टिकली मोजली आणि म्हणाले, "साडेतीन सूत. आन् किती दुरून?" मी म्हटलं, "बत्तीस फूट दहा इंच." ते थोडा वेळ गप्प बसले. भिंतीचा ओळंबा साडेतीन सूत ढळला तर मुकादम काय बोलतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण तीच चूक बत्तीस फुटांवरून करायची नाही, हे त्यांना नवीन होतं. "एका हातानं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

कुणी म्हणेल, स्पर्धेचं अंतर ठरलेलं, मग झिरो कुठे करायचं हा प्रश्नच कुठे उरतो? दहा मीटरवर खेळायचं तर दहा मीटरवर करा. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. परदेशात एक निराळा प्रकार खेळतात, त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. त्यात पळत पळत वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्यं टिपायची असतात, एखादं पाच मीटरवर, तर एखादं चाळीस मीटरवर. तिथे खरंच डोकं चालवावं लागतं. ९ मिलिमीटरचं पिस्तूल २५ मीटरवर झिरो केलं, तर नववीतल्या विज्ञानाच्या सूत्राने हिशेब करून पाहता दहा मीटरवर गोळी जेमतेम दोन मिलिमीटर खाली लागते आणि पन्नास मीटरवर चारपाच सेंटिमीटर खाली. म्हणजे लांबचं अंतर सांभाळलं की जवळचं आपोआप सांभाळलं जातं. आमचं तसं नाही, आमचं अंतर एकच. पण ते एकच अंतर आमच्या घरात मावत नाही, आणि अडचण नेमकी इथून सुरू होते.

आम्ही चौघी आहोत. एक नंदनवनची, एक हुडकेश्वरची, एक मानेवाड्याची आणि मी सक्करदऱ्याची. चौघींत पिस्तूल एक, क्लबाचं. एकाच पिस्तुलाचे चौघींचे झिरो मात्र चार! कारण प्रत्येकीची मूठ वेगळी. मानेवाड्याचीला चष्मा आहे. शिवाय आम्ही काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरत नाही. काळ्यावर काळं पातं दिसत नाही म्हणून काळ्याच्या खाली थोडी पांढरी फट सोडून धरतो आणि छर्रा वर जाऊन मध्यात लागेल अशी साईट लावतो. ती फट कुणी बारीक सोडते, कुणी रुंद. तेव्हा एकीचं झालं की दुसरी स्क्रू फिरवणार, सातआठ छर्रे मारून आपला झिरो शोधणार, तोवर तिची चाळीस मिनिटांपैकी दहा गेलेली. आठ छर्रे गुणिले चौघी गुणिले सहा दिवस, म्हणजे आठवड्याला १९२ छर्रे नुसते साईट लावण्यात! पाचशेची डबी अडीच आठवड्यांत संपणार, आणि तीही सराव न करता.

निवड चाचणी दोन महिन्यांवर आली तेव्हा सर म्हणाले, तुम्हीच काय ते ठरवा. नंदनवनची म्हणाली, माझी साईट कायम ठेवा, बाकीच्या तिघींनी फट कमीजास्त करून जमवून घ्यावं. तिचं बोलणं ऐकायला कठोर वाटलं, पण त्यात अर्थ नव्हता असं नाही. चौघींत गुण तिचेच सर्वांत चांगले. एकीची तरी निवड नक्की व्हावी हा तिचा मुद्दा. मला ते मान्य नव्हतं. फट बदलून जमवणं म्हणजे रोज दुसरीच्या चपला घालून शर्यत धावणं. थोडं तावातावाने बोलणं झालं. दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो.

तोडगा काढला तो हुडकेश्वरचीने. ती कॉमर्सची आहे. तिने एक वही आणली. स्क्रू एका टोकाला टेकेपर्यंत फिरवायचा, तिथून क्लिक मोजायचे आणि वहीत लिहायचे: माझे वरखाली ३१, डावंउजवं १८. पुढच्या वेळी आपल्या आकड्यावर आणायचं आणि खात्रीपुरते दोन छर्रे मारायचे. आठचे दोन झाले. कला शाखेच्या तिघी महिनाभर भांडल्या असत्या आणि सुंदर भांडल्या असत्या. कॉमर्सवालीने पाच मिनिटांत जमाखर्च मांडला. नंदनवनचीनेही पहिल्या पानावर आपले आकडे लिहिले आणि विषय संपला.

दिवाळीच्या सुटीत पिस्तूल प्रत्येकीकडे एकेक आठवडा ठेवायचं ठरलं. नंदनवनचीच्या घरी पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत लांब बोळ आहे, त्यात दहा मीटर सहज बसतात. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, एकामागे एक. बाबांनी मोजलं, आतून वीस फूट. उभं राहायला मागे जागा सोडली तर हाती लागतात सोळा फूट पाच इंच, म्हणजे बरोब्बर पाच मीटर. अर्धं अंतर! बाबांनी एका लाकडी पेटीत तिरपा लोखंडी पत्रा ठोकला, त्याच्यापुढे जुन्या गोधडीच्या घड्या भरल्या आणि पेटी भिंतीला लावली. आईची एकच अट होती, "भितीले भोकं पाडजो नोको." दुसरी अट माझी होती. सराव चालू असताना दाराला आतून कडी, आणि धाकटा भाऊ बाहेर, बुधवार बाजारात नाहीतर तलावाकडे, पण घरात नाही.

आता पाच मीटरवर पिस्तूल कसं लावावं? मानेवाड्याची म्हणाली, घरी घरचा झिरो कर, क्लबात क्लबचा. वहीत दोन रकाने. दिसायला सोयीचं होतं. पण कुठेही स्क्रूला हात लावण्याआधी मला हिशेब करून पाहायचा होता. रात्री जेवणं झाल्यावर बसले. आमच्या पिस्तुलाचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर जातो. दहा मीटरला एक पंधरांश सेकंद, तेवढ्यात तो सुमारे २.२ सेंटिमीटर पडतो. पाच मीटरला वेळ निम्मा, पण पडणं निम्मं नाही, पाव: साडेपाच मिलिमीटर. साईट नळीच्या वर एक सेंटिमीटर धरली. माझी पांढरी फट एक सेंटिमीटरची, म्हणजे माझा नेम टिकलीच्या मध्यापासून चार सेंटिमीटर खाली. दहा मीटरवर छर्रा नेमाच्या चार सेंटिमीटर वर लागतो, म्हणून दहा गुण. तेच पिस्तूल, तीच साईट, पाच मीटरवर धरलं तर छर्रा नेमाच्या वर दोनच सेंटिमीटर जातो.

याचा अर्थ असा की स्पर्धेचंच पूर्ण मापाचं लक्ष्य घरी टांगलं आणि तेवढीच फट सोडून अगदी बिनचूक फैर झाडली, तरी छर्रा मध्यापासून दोन सेंटिमीटर खाली लागणार. दहाऐवजी आठ! साईट चळली असं वाटून माणूस स्क्रू फिरवणार, आठवडाभर सुखाने दहा मिळवणार, आणि दहा मीटरवर गेला की छर्रे वर चढणार. वहीत दोन रकाने ठेवले तरी ऐन चाचणीच्या सकाळी घरच्या रकान्यातला आकडा लागला तर कोण कोणाला विचारणार?

पण लक्ष्यच निम्मं केलं तर? काळं वर्तुळ साठाऐवजी तीस मिलिमीटर, दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठं. टिकली पावणेसहा मिलिमीटरची. फट अर्ध्या सेंटिमीटरची. मग नेम मध्यापासून दोन सेंटिमीटर खाली येतो आणि छर्रा दोन सेंटिमीटर वर लागतो. फरक राहतो अर्ध्या मिलिमीटरचा. मी हिशेब तीनदा केला, कारण मराठी वाङ्मय घेतलेल्या मुलीला आपल्या गणिताची खात्री नसते. तिन्ही वेळा तेच आलं. डोळ्याला दोन्ही चित्रं सारखीच दिसतात, आणि दहा मीटरचा झिरो जसाच्या तसा राहतो. साईटला हात लावायची गरजच नाही!

दुसऱ्या दिवशी कंपासने पन्नास लक्ष्यं काढली आणि स्केचपेनने काळी केली. बाबा कामावरून आले, त्यांनी एक उचलून पाहिलं. मी त्यांना दोन्ही पर्याय समजावून सांगितले, पिस्तूल घराप्रमाणे लावणं आणि लक्ष्य घराप्रमाणे काढणं. त्यांनी एवढंच विचारलं, "परीक्षा किती फुटावर हाय?"

"बत्तीस फूट दहा इंच."

"मंग अवजाराले हात नोको लावू. कागद लहान कर."

बाबांची शाळा चौथीत सुटली आणि माझ्या हिशेबाला दोन फुलस्केप लागले होते, हे इथे नोंदवून ठेवते.

तो आठवडा छान गेला. रोज चाळीस छर्रे, त्याआधी अर्धा तास रिकामा सराव, म्हणजे छर्रा न भरता कोऱ्या भिंतीकडे तोंड करून नुसता चाप ओढायचा आणि पुढची साईट हलते का ते पाहायचं. हा सराव मला फार आवडतो. कोऱ्या भिंतीला अंतर नसतं. त्यावेळी आमचं घर नंदनवनच्या बोळाएवढंच लांब असतं.

क्लबात परतल्यावर पहिले पाच छर्रे मी साईट न फिरवता मारले. उंचीला तंतोतंत, पण पाचही डावीकडे, एकमेकांना चिकटून. सर म्हणाले, घरी उजेड कुठून येतो? आमची ट्यूबलाईट एका भिंतीला आहे. एका बाजूने उजेड पडला की पात्याची एक कड उजळते आणि डोळा फसतो. हिशेबात उजेड नव्हता. दोन क्लिक, आणि काम झालं. बाबांनी पुढच्या रविवारी ट्यूबलाईट काढून आढ्याला मधोमध लावली. तिच्याखाली आता भाऊही अभ्यास करतो, निदान तसं सांगतो.

निवड चाचणीत नंदनवनचीची निवड झाली, आणि हुडकेश्वरचीचीही. माझं नाव राखीव खेळाडूंत आलं, अवघ्या तीन गुणांनी मागे. मानेवाड्याची यंदा जमली नाही; ती म्हणते पुढच्या वर्षी चष्म्याचा नंबर आणि ती, दोघंही स्थिर होतील. वही आता जाड झाली आहे.

राखीव असले तरी मनात आता दुसरंच अंतर घोळतं आहे, २५ मीटर. तिथे छर्रा नाही, पॉइंट टू टूची गोळी. त्या पिस्तुलाला परवाना लागतो, काडतुसांना पैसे लागतात, आणि दोन्ही आमच्या आवाक्यात नाहीत. पण कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते याच प्रकारात. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला १० मीटरमध्ये दोन कांस्यपदकं घेतली, एक एकटीने आणि एक सरबजोत सिंगबरोबर, आणि २५ मीटरमध्ये ती चौथी आली. या प्रकाराची गंमत अशी की अंतर एकच असून लक्ष्यं दोन असतात. पहिल्या तीस गोळ्यांचं लक्ष्य आमच्यासारखं, मध्ये काळं आणि भोवती पांढरं. पुढच्या तीस गोळ्यांचं जवळजवळ सगळंच काळं, टिकली दुप्पट मोठी. तिथे खाली फट सोडायला पांढरं हाताशी नसतं, म्हणून नेम मध्यावर धरावा लागतो. हात खाली ठेवून सात सेकंद थांबायचं, मग तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी. म्हणजे अंतर ठरलं तरी झिरो ठरला असं होत नाही. माझ्या मघाच्या सिद्धांताला इथे थोडी मुरड पडते, ते मला कबूल आहे.

हे सगळं परवा रात्री बाबांना सांगत होते. नोकरीचं त्यांनी आधीच विचारून झालंय; सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा असतात हे त्यांना आता पाठ आहे आणि ते ठेकेदारालाही सांगून आले आहेत.

"त्याची टिकली केवढी?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या लक्ष्याची पन्नास मिलिमीटर. दोन इंच."

"दोन इंच? मंग हे त सोपं हाय. आन् दूर किती?"

"ब्याऐंशी फूट."

बाबा उठले. पिशवीतून लाईनदोरी काढली, टेप लावून ब्याऐंशी फुटांवर गाठ मारली आणि एक टोक माझ्या हातात देऊन दाराबाहेर पडले. रात्रीचे नऊ वाजले होते, गल्लीत मुलं खेळत होती. नळ ओलांडला, खांब ओलांडला, दोघा सायकलवाल्यांना थांबवलं. दोरी ताणली गेली तेव्हा बाबा चक्कीवाल्या काकांच्या ओट्यावर उभे होते, आणि तिथून ते मला खरंच बरेच लहान दिसत होते.

आई दारात येऊन उभी राहिली. तिने दोरीकडे पाहिलं, मग चक्कीकडे.

"आता त्या बिचाऱ्याले दयन दुसरीकडं द्या लागन म्हना," ती म्हणाली, आणि आत भाकरी उलटायला गेली.